थायलंडच्या शाळेत शिकवायला जाताना: बुडणाऱ्या तासांचे नियोजन

थायलंडमधील शाळांत इंग्रजी, गणित किंवा विज्ञान शिकवण्यासाठी जाणाऱ्या भारतीय शिक्षकांत मराठी मंडळीही असतात. निघण्यापूर्वी त्यांना मिळणारा सल्ला मात्र बहुतेक वेळा व्हिसा, घरभाडे आणि जेवण यांच्यापलीकडे जात नाही. प्रत्यक्ष शाळेत पहिली अडचण निराळीच येते. वेळापत्रकात तास असतो, शिक्षक तयारीनिशी वर्गात पोहोचतो आणि वर्ग रिकामा असतो, कारण मुले मैदानावर संचलनाचा सराव करत असतात. हे त्याला कोणी मुद्दाम लपवलेले नसते. सूचना थाई भाषेत दिली गेलेली असते आणि बाकी सगळ्यांना ती कळलेली असते. महाराष्ट्रात शिकवलेल्या शिक्षकाने स्नेहसंमेलनापूर्वीचे दिवस आठवावेत. फरक एवढाच, की तेथे अशी निमित्ते वर्षभर विखुरलेली असतात.

पुढील सर्व सूचनांचा पाया एकच आहे. नियोजन तारखांवर न करता, प्रत्येक तुकडीला प्रत्यक्षात मिळणाऱ्या तासांच्या संख्येवर करावे. वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन तारीखवार लिहिण्याची आपली सवय तेथे पहिल्या महिन्यातच निरुपयोगी ठरते.

करारावर सही करण्यापूर्वी

तास बुडाल्याचा आर्थिक परिणाम कोणावर होतो, हे करारातच ठरलेले असते. कोणी थेट शाळेच्या नोकरीत असतो, कोणी एजन्सीमार्फत नेमलेला असतो. कोणाचा करार बारा महिन्यांचा असतो, तर कोणाचा केवळ दहा महिन्यांचा, म्हणजे मोठ्या सुट्टीत पगार नाही. म्हणून काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. ऑक्टोबर, मार्च आणि एप्रिलचा पगार मिळतो का? शाळेने स्वतःहून तास रद्द केले तर वेतन कापले जाते का? वर्ग नसलेल्या दिवशीही शाळेत हजर राहावे लागते का? शनिवारी घेतले जाणारे भरपाईचे तास आणि इंग्रजी शिबिरे नेहमीच्या कामात धरली आहेत की त्यांचा वेगळा मोबदला आहे? तोंडी दिलेल्या होकारावर विसंबून राहू नये. तो देणारी व्यक्ती खोटे बोलत असते असे नाही, पण निर्णय बहुधा तिच्या हातात नसतो.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. थायलंडमधील कामाचा परवाना विशिष्ट नोकरीशी आणि मालकाशी बांधलेला असतो. त्यामुळे तास रद्द झाले म्हणून मोकळ्या वेळात दुसरीकडे शिकवण्या घेणे हे वाटते तितके निरुपद्रवी नाही.

वर्षाची चौकट समजून घेणे

थायलंडच्या शिक्षण मंत्रालयाच्या नियमानुसार पहिले सत्र १६ मे रोजी सुरू होऊन ११ ऑक्टोबरला संपते आणि दुसरे १ नोव्हेंबर ते १ एप्रिल असे चालते. खासगी शाळा यात थोडाफार बदल करतात. शिकवण्याच्या दृष्टीने दुसरे सत्र कागदावर दिसते त्याच्या खूप आधी संपते, कारण वार्षिक परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला होतात आणि त्यानंतरचे दिवस गुणनोंदणी, पुनर्परीक्षा आणि प्रवेशप्रक्रियेत जातात. सत्र वीस आठवड्यांचे धरले जाते. माध्यमिक शाळेत, म्हणजे मत्थयोम १ ते ६ या सहा इयत्तांत, आठवड्याला एक तास असलेला विषय अर्ध्या श्रेयांकाचा असतो, म्हणजे सत्राला वीस तास. हा वीसचा आकडा कागदावरचा आहे, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे.

शाळेच्या कागदपत्रांवर वर्ष बौद्ध संवतात असते आणि ते इसवी सनापेक्षा ५४३ ने पुढे असते. २०२५ साली सुरू झालेले शैक्षणिक वर्ष तेथे २५६८ असे लिहिले जाते. शके आणि इसवी सन शेजारी शेजारी पाहिलेल्या मराठी माणसाला त्याचे विशेष वाटू नये, पण दिनदर्शिका वाचताना आणि अर्ज भरताना घोळ होतो तो येथेच.

सुट्ट्यांमध्ये काही ठरावीक तारखांच्या आहेत: ३ जूनचा राणीचा वाढदिवस, २८ जुलैचा राजाचा वाढदिवस, १२ ऑगस्टचा मातृदिन, १३ आणि २३ ऑक्टोबर, ५ आणि १० डिसेंबर. माखा बुचा, विशाखा बुचा, आसाळहा बुचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा वर्षावासाचा, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामाचा, आरंभ या बौद्ध सणांच्या सुट्ट्या चंद्रावर चालतात. त्यांचा अंदाज आपल्या पंचांगावरून बांधण्याचा मोह होतो, कारण विशाखा बुचा म्हणजे बुद्धपौर्णिमा आणि आसाळहा बुचा म्हणजे आषाढी पौर्णिमा. दोन्हीकडचे अधिक महिने मात्र एकाच वेळी पडत नाहीत. २०२३ मध्ये आपली बुद्धपौर्णिमा ५ मे रोजी होती, तर थायलंडमधील विशाखा बुचा ३ जूनला आली. तेव्हा तेथीलच दिनदर्शिका पाहावी. सुट्टी शनिवार-रविवारी आली तर तिची भरपाई पुढच्या कामाच्या दिवशी, म्हणजे बहुधा सोमवारी मिळते, आणि सलग सुट्टी जुळावी म्हणून मंत्रिमंडळ अधूनमधून जादा दिवसही जाहीर करते.

तुकडीनिहाय हिशेब मांडणे

नवा शिक्षक येथेच सर्वाधिक अडखळतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. बुडालेले तास सर्व तुकड्यांत सारखे वाटले जात नाहीत. २०२५ च्या पहिल्या सत्राचे उदाहरण घेऊ. त्या सत्रात २ जून आणि ११ ऑगस्ट या जोडून दिलेल्या सुट्ट्या, तसेच २८ जुलै, हे तीनही दिवस सोमवारी आले. ३ जून आणि १२ ऑगस्ट हे मंगळवार होते. आसाळहा बुचा १० जुलैला गुरुवारी आणि वर्षावासाचा आरंभ ११ जुलैला शुक्रवारी होता. बुधवारी एकही सुट्टी नव्हती. याचा अर्थ असा, की मत्थयोम २/१ ला (म्हणजे मत्थयोम २ च्या पहिल्या तुकडीला) दर सोमवारी आणि मत्थयोम २/४ ला दर बुधवारी आठवड्यातून एकच तास शिकवणाऱ्या शिक्षकाच्या दोन तुकड्यांत, शाळेने स्वतःचा एकही कार्यक्रम केला नसता तरी, तीन पाठांचे अंतर पडले असते.

यावर शाळेच्या कार्यक्रमांची भर पडते. गुरुवंदनेचा समारंभ, म्हणजे वाइ ख्रू, जूनमध्ये आणि परंपरेने गुरुवारी होतो. म्हणजे गुरुवारच्या तुकड्यांचा तास गेलाच. शिवाय आदल्या दिवशी प्रत्येक वर्ग फुलांची तबके सजवतो आणि त्यात बुधवारचे दुपारचे तासही जातात. त्या तबकांत परंपरेने दूर्वा, एक्झोऱ्याची फुले आणि वांग्याची फुले असतात. दूर्वा आणि वांगी दोन्ही ओळखीची असल्याने मराठी शिक्षकाने त्या दिवशी मुलांच्या घोळक्यात बसून हात लावावा. तास तर गेलेलाच असतो, ओळख तरी वाढते. २६ जूनला कवी सुन्थोन फू यांचा दिवस, ऑगस्टच्या मध्याला विज्ञान सप्ताह आणि मातृदिनाचा समारंभ, नोव्हेंबरमध्ये पाण्यात दिवे सोडण्याचा लोय क्राथोंग हा सण, डिसेंबरमध्ये नाताळचा कार्यक्रम, हिवाळ्यात स्काउट शिबिर हे सर्व ठरलेले असते. सर्वांत जास्त वेळ खातो तो रंगगटांचा क्रीडामहोत्सव. त्यात सारी शाळा रंगांच्या गटांत विभागली जाते आणि सामन्यांच्या आधीचे कित्येक दिवस दुपारचे तास संचलनात, ढोलपथकात आणि प्रेक्षकांच्या बाकांवरून द्यायच्या घोषणांच्या तालमीत जातात.

म्हणून सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक तुकडीच्या वारासमोर सत्रातील सर्व तारखा लिहून काढाव्यात. त्यातून राष्ट्रीय सुट्ट्या, सत्राच्या मध्यावरील व सत्रान्त परीक्षांचे आठवडे आणि शाळेच्या दिनदर्शिकेतील कार्यक्रम वजा करावेत आणि जे उरेल त्यातून आणखी दोन तास अज्ञाताच्या खात्यात टाकावेत. आठवड्याला एक तास असलेल्या विषयात वीसपैकी तेरा किंवा चौदा तास हातात राहतील असे धरून चालणे मला शहाणपणाचे वाटते. अधिक मिळाले तर ते पूरक उपक्रमांना वापरता येतात. कमी पडले तर मात्र अभ्यासक्रमाचा कोणता भाग गाळायचा हे आधीच ठरलेले असले पाहिजे, कारण सप्टेंबरमध्ये घाईघाईने गाळलेला भाग नेमका परीक्षेत विचारलेला असतो.

पाठांना तारखा न देता क्रमांक द्यावेत

एका वहीत उभ्या रकान्यांत पाठांचे क्रमांक आणि आडव्या ओळींत तुकड्या असा तक्ता आखावा. पाठ झाला की त्या चौकटीत तारीख लिहावी, बुडाला तर चौकट रिकामी ठेवून कारण पेन्सिलीने नोंदवावे. आठ-दहा तुकड्यांना तोच विषय शिकवणाऱ्याला कोणता वर्ग कोठे आहे हे स्मरणात ठेवता येत नाही आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. पेन्सिलीने लिहिलेली कारणे पुढे उपयोगी पडतात, कारण सत्राअखेरीस वरिष्ठांनी अभ्यासक्रम अपुरा का राहिला असे विचारले तर त्या नोंदी शांतपणे पुढे ठेवता येतात.

पाठ आखताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. प्रत्येक पाठ त्याच तासात संपला पाहिजे. पुढच्या तासाला पूर्ण करू म्हणून सोडलेले संभाषण तीन आठवड्यांनी उघडले जाते, तेव्हा ते मुलांच्याही लक्षात नसते आणि शिक्षकाच्याही. दुसरे, प्रत्येक तासाची पहिली सात-आठ मिनिटे उजळणीला द्यावीत, मग मधला खंड एका आठवड्याचा असो वा चार आठवड्यांचा. तिसरे, पाठांचे दोन गट करावेत: परीक्षेला आवश्यक असलेले मूळ पाठ, आणि पुढे गेलेल्या तुकड्यांना थोपवून धरण्यासाठीचे पूरक पाठ. बुधवारच्या तुकडीला पुढचा मूळ पाठ न देता शब्दांचा खेळ किंवा श्रवणाचा उपक्रम दिला, की सोमवारची तुकडी गाठते. मागे पडलेल्या वर्गाला पळवण्यापेक्षा पुढे गेलेल्या वर्गाला थांबवणे नेहमी सोपे असते.

तासाची लांबीही गृहीत धरू नये. थाई शाळेत सकाळी आठ वाजता ध्वजवंदन होते आणि आपल्या परिपाठासारख्या त्या कार्यक्रमात संचालकांचे, म्हणजे शाळाप्रमुखांचे, भाषण लांबले, तर पन्नास मिनिटांच्या पहिल्या तासाची तीस मिनिटेच उरतात. पहिल्या तासाला असलेल्या तुकडीसाठी पाठाची आखूड आवृत्ती तयार ठेवावी.

बातमी कोठून मिळते

शाळेची वार्षिक दिनदर्शिका अस्तित्वात असते. ती बहुधा थाई भाषेत शैक्षणिक विभागाच्या कार्यालयाबाहेर लावलेली असते किंवा लाईन या ॲपवरील शिक्षकांच्या गटात एखादी फाईल म्हणून येऊन गेलेली असते. तिचा फोटो काढून फोनवरील भाषांतराच्या साहाय्याने वाचावा आणि शंका असलेल्या ओळी एखाद्या थाई सहकाऱ्याकडून तपासून घ्याव्यात. लाईनवरील सूचना अनेकदा रात्री येतात. रोज झोपण्यापूर्वी आणि सकाळी निघण्यापूर्वी तो गट उघडून दुसऱ्या दिवसाच्या तारखेचा उल्लेख असलेला प्रत्येक संदेश भाषांतरित करून पाहण्याची सवय लावावी.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘पुढच्या आठवड्यात काही कार्यक्रम आहे का?’ असे विचारल्यास ‘नाही’ असे उत्तर मिळते, कारण रोजच्या सरावातले बदल कोणी कार्यक्रम म्हणून मोजत नाही. ‘गुरुवारी चौथ्या तासाला मत्थयोम २/४ वर्गात असेल का?’ असा नेमका प्रश्न विचारावा. वयाने मोठ्या सहकाऱ्याच्या नावाआधी ‘पी’ आणि शिक्षक म्हणून कोणाच्याही पहिल्या नावाआधी ‘ख्रू’ लावून बोलावे; आडनावाने हाक मारण्याची पद्धत तेथे नाही. तक्रारीचा सूर ठेवू नये. पूर्वकल्पना का दिली नाही, असे चारचौघांत विचारल्याने समोरच्याला ओशाळल्यासारखे होते आणि पुढच्या वेळी बातमी आणखी उशिरा मिळते. माझ्या मते सर्वांत भरवशाचा स्रोत मात्र शिक्षक नव्हेत, तर वर्गाचा मॉनिटर होय. दुपारी वर्ग कोठे असणार आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. तास संपताना त्याला पुढच्या तासाबद्दल विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

त्याच दिवशी तास गेला तर

वर्ग रिकामा दिसल्यास आधी मैदान आणि सभागृह पाहावे आणि मग विभागप्रमुखांना कळवावे. शाळा सोडून जाऊ नये. अर्धा वर्ग कार्यक्रमाला गेलेला असेल तर उरलेल्या मुलांना नवा मूळ पाठ शिकवू नये, अन्यथा एकाच तुकडीत दोन तुकड्या तयार होतात; अशा तासाला पूरक पाठ किंवा वह्यांची तपासणी करावी. उलट प्रकारही घडतो. थाई शिक्षक प्रशिक्षणाला गेले म्हणून ऐनवेळी दोन वर्ग एकत्र करून आपल्यासमोर बसवले जातात. त्यासाठी फळा आणि खडू यांशिवाय काहीच न लागणारे दोन-तीन उपक्रम कायम तयार असावेत.

भरपाईच्या तासाची मागणी करताना हात आखडता घ्यावा. दुसऱ्या शिक्षकाचा तास मागून घेणे तेथेही चालते, पण त्याचाही तास बुडालेलाच असतो. सत्राच्या मध्यावरील परीक्षेआधी मागे पडलेल्या एखाद्या तुकडीपुरती विनंती करावी आणि ती विभागप्रमुखांमार्फत करावी.

परीक्षा आणि गुण

प्रश्नपत्रिका परीक्षेच्या बऱ्याच आधी छपाईसाठी द्यावी लागते आणि ती सर्व तुकड्यांना एकच असते. म्हणून ती सर्वांत मागे असलेल्या तुकडीचा तक्ता समोर ठेवूनच काढावी. जो पाठ एकाही तुकडीला मिळालेला नाही, त्यावर प्रश्न नको.

तोंडी परीक्षेचा हिशेब तर आधीच करावा. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला दीड मिनिट दिले तरी सदुसष्ट मिनिटांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे एका तासात ती होत नाही. जोड्या करून प्रत्येक जोडीला दोन मिनिटे दिल्यास तेच काम शेचाळीस मिनिटांत, कसेबसे एका तासात बसते. ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. तो आठवडा बुडाला, तर वर्गाचे वीस-तीस गुण कोठून द्यायचे असा प्रश्न उभा राहतो. अंतर्गत गुण छोट्या छोट्या कामांतून, दर दोन-तीन पाठांनी, जमवत जावेत. परीक्षेला बसण्यासाठी ऐंशी टक्के उपस्थिती लागते, आणि जो विद्यार्थी शाळेच्याच सरावासाठी गेला होता त्याला गैरहजर दाखवल्यास तो अडचणीत येतो, हे हजेरी घेताना ध्यानात ठेवावे. नापास विद्यार्थ्यांना पुन्हा संधी द्यावीच लागते. त्यासाठीचा लहानसा स्वाध्याय प्रश्नपत्रिकेबरोबरच तयार ठेवल्यास सत्राच्या शेवटी धावपळ होत नाही.

धूर, पूर आणि साथ

काही बंद कोणत्याच दिनदर्शिकेत नसतात. जानेवारी २०१९ च्या अखेरीस आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये हवेतील सूक्ष्म धुलिकणांमुळे बँकॉकमधील शेकडो शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. उत्तरेकडे चियांग माईच्या परिसरात शेतातील आणि जंगलातील आगींचा धूर फेब्रुवारीपासून वाढत जातो. २०११ च्या महापुरामुळे बँकॉक आणि मध्य थायलंडमध्ये दुसरे सत्र उशिरा सुरू झाले, आणि कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, पहिले सत्र १६ मेऐवजी १ जुलैला सुरू झाले. बालवर्गात पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या संसर्गामुळे एखादा वर्ग काही दिवस बंद करतात. अशा वेळी काम ऑनलाईन द्या, असा निरोप बहुधा आदल्या रात्री येतो. म्हणून प्रत्येक इयत्तेसाठी मुलांना फोनवर, फारसा डेटा न वापरता करता येतील असे दोन स्वाध्याय आधीच तयार करून वर्गशिक्षकांकडे देऊन ठेवावेत. मुलांच्या लाईन गटांत काम पाठवायचे तर ते वर्गशिक्षकांमार्फतच पाठवावे.

दिवाळीचे तिकीट काढण्यापूर्वी

ऑक्टोबरची सुट्टी पाहून घरी येण्याचा बेत प्रत्येक मराठी शिक्षकाच्या मनात येतो. २०२५ ची दिवाळी त्या सुट्टीत नेमकी बसली. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे दुसरे सत्र सुरू झाल्यानंतर आहे. तिकीट काढताना परीक्षेचा शेवटचा दिवस हा आपला मोकळा दिवस आहे असे समजू नये. गुण भरणे, पुनर्परीक्षा आणि शिक्षकांच्या बैठका त्यानंतर चालतात, आणि त्यांच्या तारखाही सरकतात, म्हणून बदलता येणारे तिकीट घ्यावे. देश सोडण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना काढणे विसरू नये. तो नसताना बाहेर पडल्यास मुक्कामाची वाढवून घेतलेली मुदत रद्द होते आणि व्हिसाची प्रक्रिया पुन्हा सुरुवातीपासून करावी लागते. तो इमिग्रेशन कार्यालयात आधी काढता येतो आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांवरही मिळतो, पण तेथील रांगेचा भरवसा नसल्यामुळे परीक्षेच्या आठवड्यातील एखाद्या मोकळ्या दुपारी, विभागप्रमुखांची परवानगी घेऊन, हे काम उरकून टाकावे.